गिरजेच्या डोक्यावरचा हात

बायका वेचणीला लागल्या की हाताबरोबर तोंडही चालतं. तोंड थांबलं की हात जड होतो, हे कापूस वेचणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. त्या दिवशी धोंडप्पाच्या रानात दुसरी वेचणी चालली होती. काळ्या रानातली ढेकळं दवानं ओली होती, आणि वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांत घुसत होती. पाच जणी झाडांच्या पाच ओळी, पाच पाती, धरून निघाल्या होत्या. सगळ्यांत पुढं कुसुमबाई. तिच्या शेजारच्या पातीला सरजाबाई. आणि सगळ्यांत मागं घरची सून, महानंदा.

महानंदाची पात रोजच मागं राहायची. तिची गिरजा पाच वर्षांची. बांधावरच्या लिंबाखाली बसवलेली पोरगी दहा झाडांमागं एकदा पळत यायची. "आई, पानी." "आई, काटा." काटा कधी असायचा, कधी नसायचा. महानंदा ओटीतला कापूस सावरत खाली बसायची, तळपाय हातात घेऊन फुंकर घालायची, आणि नसलेला काटा काढून टाकायची. तेवढ्यात बाकीच्या चार जणी हाकेच्या अंतरावर गेलेल्या असायच्या.

"कुसुमबाई," सरजाबाईनं पुढं सुरुवात केली, "तुझ्या मालकाला काय सुचलं गं? तुमची राखीव जागा सोडून व्यंकटरावाच्या म्होरं उभा ऱ्हायलाय."

"जागा काय व्यंकटरावाच्या सातबाऱ्यावर हाय का?" कुसुमबाई मान वर न करता म्हणाली. "तात्याराव मेंबर वारले, जागा मोकळी झाली. वार्डात आमी बी ऱ्हातो."

"ऱ्हाता की. पन मत कोन देनार?"

"ज्येला इमानी मानूस पायजे, त्यो दील."

"इमान घेऊन काय करायचं माय? व्यंकटराव खातो, मी कुठं न्हाई मनते. पन मानूस अडीनडीला येतो. माझी सून अडली तव्हा त्येच्याच गाडीत ताडकळसला नेली. तुझा सिताराम लय सरळ, पन त्येच्यापाशी गाडी हाय का?"

"गाडी हाय, आन् त्या गाडीत काय काय गेलं ते बी ठावं हाय." कुसुमबाईचा आवाज चढला. "दुष्काळी कामावर ह्योच मुकादम. समद्या गावाच्या बैलांच्या फासळ्या मोजून घ्याव्या अशा. आन् ह्येच्या बैलांच्या अंगावरून माशी घसरत व्हती. कशानं गं? सुखडीनं. कामावरच्या लेकुरवाळ्या बायांची सुखडी, वर कडबा टाकून, पोत्यानं गेली."

"तू पोती बगितली?"

"बैलं बगितली."

बाकीच्या बायका हसल्या. सरजाबाईही हसली, पण सोडीना. "बरं, आन् हजेरी कोन पुकारत व्हतं? तुझाच मालक ना? पातेल्याजवळ उभा ऱ्हाऊन त्येचं बोट तेवढं कोरडं ऱ्हायलं व्हय?"

कुसुमबाईचा हात बोंडावर थांबला. तिनं मान वळवली आणि मागं राहिलेल्या महानंदाकडं एकदाच पाहिलं. पुन्हा वेचायला लागली.

महानंदानं ते पाहणं ओळखलं आणि खाली बघितलं.

दुष्काळाच्या त्या साली, चैतात, गिरजा झाली होती. सासरे धोंडप्पा धाकट्या लेकाबरोबर दोन्ही बैलं घेऊन गोदावरीकडं छावणीला गेले होते. महानंदाचा नवरा पालमला कापडाच्या दुकानात नोकरीला, तो महिन्याकाठी यायचा. घरात सासू शांतम्मा आणि ही ओली बाळंतीण. शांतम्मा दिवस उगवायला नालाबंडिंगच्या कामावर दगड उचलायला जायची. सरकारची सुखडी, कामावर वाटायचं ते गुळाचं शिजवलेलं पीठ, तिनं कधी तोंडात घातली नाही. लिंगायताच्या घरात परक्या हातचं शिजलेलं चालत नाही, हे तिनं उपाशी राहूनही पाळलं. घरातलं जवाराचं पीठ ती सुनेसाठी ठेवायची, पण ते किती दिवस पुरणार. आठव्या दिवशी महानंदाचं दूध आटलं. पोरगी रडायची, मग रडायचीही थांबली. नुसतं तोंड उघडायची आणि मिटायची.

नियम असा होता, की जी कामावर हजर तिलाच सुखडी. त्याच आठव्या दिवशी दुपारी परसाच्या भिंतीवरून हाक आली. कुसुमबाई उभी होती. पदराखालून तिनं पळसाच्या पानात बांधलेली सुखडी काढली. "खाय," म्हणाली. "तुझी हाय. तुझं नाव पुकारलंय हजेरीला. मी व्हय मनलं."

महानंदानं जात पाहिली नाही, नेम पाहिला नाही. भिंतीच्या आडोशाला उभ्यानंच खाल्लं. एकवीस दिवस कुसुमबाई आली. एकवीस दिवस तिकडं कामावर सितारामनं "महानंदा धोंडप्पा" असं नाव पुकारलं आणि कुसुमबाईनं हुंकार भरला. शांतम्माची टोळी नाल्याच्या पलीकडं, तिला पत्ता नाही. पोरगी अकरा दिवसांची झाली तेव्हा दूध परत आलं. गिरजेचे गाल भरले. छावणीवरून परतलेले धोंडप्पा नातीला मांडीवर घेऊन गावाला सांगायचे, "आमच्या घरानं दुष्काळात बी परक्या हातचा घास घेतला न्हाई. बगा, महादेवानं कशी राखली पोरगी."

ते ऐकताना महानंदा चुलीपुढं बसून राख सारखी करायची.

धोंडप्पाचं रान गावापासून आत, व्यंकटरावाच्या रानाच्या पाठीमागं. गाडीला वाट एकच, व्यंकटरावाच्या बांधावरून. वाट कागदावर नाही, वडिलांपासून चालत आलेली. म्हणून व्यंकटराव त्या संध्याकाळी घरी आला, तेव्हा त्याला काही मागावं लागलं नाही. तो ओसरीवर बसला, सोबतच्या माणसानं पितळेचं ताट पुढं ठेवलं. ताटात बेलाची पानं आणि भंडारा. गावात हीच रीत होती. मतं घरोघर जाऊन नुसती मागायची नाहीत, कर्त्या माणसाला बेलभंडारा उचलायला लावायचा. उचलला की त्या घराची मतं बांधली.

"धोंडप्पा, घरात पाच मतं," व्यंकटराव म्हणाला.

"पाच. मी, म्हातारी, दोन पोरं आन् सून."

"चिन्ह गाडी हाय. ध्यानात ठिवा. सितारामाचा कंदील."

"तुमाला सोडून कुठं जातो आमी?"

"तोंडानं समदेच मनतेत. उचला."

धोंडप्पांनी ताटाकडं पाहिलं. "बेलभंडारा कशाला? आमच्या गळ्यात देव हाय."

"मग त्येच्यावर हात ठिवा."

धोंडप्पांचा हात सदऱ्याच्या गळ्याशी गेला. तिथं, चांदीच्या डबीत, त्यांचं इष्टलिंग होतं. रोज पहाटे अंघोळ करून ज्याची पूजा केल्याशिवाय ते पाणी पीत नसत. हात तिथपर्यंत गेला आणि थांबला. दाराआडून महानंदा बघत होती. माणसाला पाच तोंडांची हमी आपल्या देवावर घेता येत नाही, एवढं धोंडप्पांना कळत होतं. ते खाकरले. गिरजा ओसरीच्या कडेला चिंचोके मांडून बसली होती.

"गिरजे, इकडं ये."

पोरगी चिंचोके मुठीत घेऊन आली. आजोबांनी तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ह्या पोरीची शपत. पाची मतं गाडीला."

"झालं," व्यंकटराव म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

महानंदा आत आली, उतरंडीजवळ उभी राहिली. तिच्या मनात एकच गोष्ट येत होती, आणि ती तिला कुणाला सांगता येत नव्हती. ही पोरगी नसून पोरगा असता, घराण्याचा दिवा असता, तर आप्पांनी त्याच्या डोक्यावर असा हात ठेवला असता का?

शांतम्मा म्हणाली, "काय झालं गं? अशी काहून उभी?"

"काई न्हाई, आत्याबाई."

"शपत मोडली तर मोडणाराला काई हुत न्हाई," शांतम्मा हळू म्हणाली. "ज्याच्या डोक्यावर घेतली त्येच्यावर जाती. ध्यानात ठीव."

गावातले सगळेच काही व्यंकटरावाचे नव्हते. शाळेतले बन्सीधर मास्तर सितारामच्या बाजूनं होते. सिताराम त्यांच्याच हाताखाली सातवी झालेला. मास्तर भला माणूस, पण त्यांनी एक चूक केली, आणि ती चूक केवळ भल्या माणसालाच सुचली असती. त्यांना वाटलं, हातात बेल घेऊन, महादेवासमोर, माणूस खोटं बोलूच शकत नाही. व्यंकटराव बेल उचलायला कचरेल, गावाला सत्य दिसेल, आणि सगळा वाद मिटेल. त्यांनी दवंडी दिली. मतदानाच्या दोन दिवस आधी, देवळापुढच्या पटांगणात, दोघांनी सुखडीची शपथ घ्यावी.

सारा वार्ड जमला. पुरुष पुढं पटांगणात, बायका शेजारच्या भिंतीच्या कडेनं. महानंदा गिरजेला कडेवर घेऊन उभी होती. पुढच्या रांगेत सासऱ्यांचा पटका दिसत होता.

बसलेल्या माणसांत वाद आधीच पेटला होता.

"व्यंकटरावानं खाल्ली, साऱ्या दुनियेला ठावं हाय."

"दुनियेला ठावं हाय तर दुनिया तव्हा काहून बोलली न्हाई?"

"बोललं तर हजेरीतनं नाव उडत व्हतं, मनून."

"आन् सितारामाचं काय? मुकादमाच्या मागं वही घेऊन कोन फिरत व्हतं?"

"त्यानं खाल्ली असती तर त्याच्या घरावर पत्रे दिसले असते. अजून बी पाचाटच हाय."

"खायाची अक्कल नसंल. अक्कल नसली की इमान आपोआप येतं."

हशा पिकला. मास्तरांनी हात वर केला. ताट पुढं आलं. मास्तरांनी शब्द आधीच कागदावर लिहून आणले होते, नीट, कुठं फट राहू नये म्हणून. ते वाचून दाखवले. "दुष्काळी कामावर, ज्याचा हक्क नव्हता अशा कुणालाही, माझ्या हातून मूठभरही सुखडी गेली नाही."

व्यंकटराव उठला. चपला काढल्या, हात धुतले, देवाकडं तोंड केलं, बेल आणि भंडारा मुठीत घेतला, कपाळाला लावला, आणि वाक्य जसंच्या तसं, एकही शब्द न गाळता, खणखणीत म्हणाला. पुजाऱ्यानं घंटा वाजवली. मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं.

"सिताराम, आता तू."

सिताराम पटांगणाच्या कडेला उभा होता. धुतलेला सदरा, अंगात लोकरीची जुनी बंडी. "मास्तर, बेलभंडारा आमी एकवीस वर्सामागं, दीक्षा घेतली तव्हाच सोडला," तो म्हणाला. "पन जबान हाय. माझ्या जबानीला मी बेलाइतकंच मानतो."

"मग नुसतं तोंडानं मन. वाक्य हेच."

सितारामनं कागद हातात घेतला. वाचला. सगळे वाट बघत होते. त्यानं घडी घालून मास्तरांच्या हातात परत दिला.

"हे मला मनता येनार न्हाई."

मास्तर पुढं झाले.

"काहून?"

"एका ठिकानी गेलीय. हक्क नव्हता तिथं. माझ्याच तोंडानं गेली."

"कुनाला दिली?" व्यंकटराव बसल्या जागेवरून म्हणाला. तो आता हसत होता. "नाव सांग की. घरच्या परातीत गेली का?"

"नाव सांगनार न्हाई."

"बगा," व्यंकटराव गावाकडं वळला. "इमानी मानसाचं इमान बगा."

महानंदाच्या घशाशी शब्द आला. ती बोलू शकत होती. मला दिली. ह्या पोरीच्या तोंडात दूध नव्हतं म्हणून दिली. एवढे दोन शब्द, आणि सिताराम साऱ्या गावात उजळला असता. तिनं पाऊलही उचललं. तेव्हा कडेवरच्या गिरजेनं तिच्या मानेत तोंड खुपसलं. पोरीच्या केसांना खोबरेलाचा वास येत होता. तिथंच, त्या भांगावर, तो हात ठेवला होता. आपण बोललो तर आप्पांची मान गावापुढं खाली जाईल, वाट बंद होईल, हे सगळं खरं. पण त्याहून आधी तिला एवढंच दिसलं, की आपल्या बोलण्यानं घरातली मतं फिरतील आणि शपथ मोडेल, आणि ती मोडलेली शपथ खाली कुठं जाऊन पडेल.

सितारामनं बायकांच्या भिंतीकडं एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढं किती तरी दिवस वाटत राहिलं. तो वळला आणि मारुतीच्या गल्लीनं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी रानात कुसुमबाई कामाला आली. येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. सरजाबाईनं त्या दिवशी आपल्या भाकरीवरची मिरचीची चटणी तिच्यापुढं सरकवली. जेवणं झाल्यावर बाकीच्या बायका पाण्याला गेल्या, तेव्हा महानंदा कुसुमबाईजवळ जाऊन बसली.

"मी बोलायला पायजे व्हतं."

"बोलली असतीस तर घरात ऱ्हायाला मिळालं असतं का?"

"त्यांनी माझं नाव घ्यायचं."

"मी बी तेच मनलं घरी जाऊन." कुसुमबाई पायातलं कुसळ काढत होती. "लय भांडले. मनलं, पोरीचा जीव वाचवला ते काय पाप हाय का? सांगून टाकायचं. तर मनले, एका बाळंतिनीची भूक चावडीवर मांडून मला मेंबर व्हयाचं न्हाई. आता ह्या मानसाला काय करावं, सांग. आसल्याच्या संगं संसार केलाय मी."

महानंदाचे डोळे भरले. तिनं मग शपथेचं सांगितलं. पाच मतं, पोरीच्या डोक्यावरचा हात, सासूचं बोलणं, सगळं. सांगताना तिचा आवाज लहान लेकरासारखा झाला. "मला कंदिलाला मत द्यायचंय, कुसुमबाई. माझा हात तिकडंच जायलाय. पन मी काय करू?"

लिंबाखाली गिरजा चिंचोक्यांना झोपवत होती. कुसुमबाईनं तिच्याकडं पाहिलं.

"आमी हे समदं सोडलंय," ती म्हणाली. "शपता, उतारे, अंगारे. डोक्यावर हात ठिवल्यानं कुनी मरत न्हाई."

"मला बी कळतंय."

"कळतंय, पन तुझं मन कुठं ऐकायलंय? उद्या कंदिलाला देशील, आन् परवा पोरगी शिंकली तरी रातभर सोताला खात बसशील." कुसुमबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू गाडीलाच दे. एका मतानं काई हुत न्हाई. ती पोरगी आमच्या बी घासावर वाढलीय. तिच्या जिवाला घोर लावून आमाला मत नगं."

महानंदाला त्यापेक्षा कुसुमबाईनं शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

मतदान शाळेत होतं. पालमहून एसटीनं नवरा आला होता. धोंडप्पा पुढं, मागं पोरं, त्यांच्या मागं शांतम्मा, आणि शेवटी गिरजेला घेऊन महानंदा, असं सगळं घर रांगेत उभं राहिलं. दाराशी व्यंकटरावाचा माणूस माणसं मोजत होता. बोटाला शाई लावणाऱ्या कारकुनापुढं गिरजेनंही आपलं बोट केलं. "मला बी." तो तरुण होता, हसला आणि तिच्या नखावर शाईचा ठिपका दिला.

आडोशाला पोत्याचा पडदा होता. महानंदानं कागद टेबलावर पसरला. वर गाडी, खाली कंदील. हातात शिक्का. गिरजा कडेवरून वाकली, तिनं शाईचं बोट कागदावर नेलं आणि खुशीत म्हणाली, "आई, आपला कंदील."

घरात तसाच एक होता. रोज संध्याकाळी त्याची काच राखेनं पुसायचं काम गिरजेचं.

"व्हय, बाई," महानंदा म्हणाली. "आपलाच."

आणि तिनं पोरीचं बोट हळूच बाजूला करून गाडीवर शिक्का मारला.

निकाल त्याच संध्याकाळी लागला. गाडी एकशे एकेचाळीस, कंदील अडुसष्ट. गुलाल उधळला. धोंडप्पा मिरवणुकीतून लाल होऊन आले, त्यांनी चिमूटभर गुलाल नातीच्या डोक्यावर टाकला. महानंदानं तो रात्रीच्या आत दोनदा धुतला तरी भांगात लाली राहिली.

झालं ते तिथंच संपलं असतं. पण व्यंकटराव जिंकूनही खूश नव्हता. सितारामच्या वस्तीची मतं पन्नास, हे त्याला पाठ होतं. मग वरची अठरा कुठून आली? पटांगणात ज्या माणसानं आपल्या तोंडानं आपली चूक सांगितली, त्याला मत द्यावं असं अठरा जणांना वाटलं होतं. कोण ते कुणी कधी सांगितलं नाही. व्यंकटराव मात्र घराघरावर संशय घेत फिरला. चौथ्या दिवशी धोंडप्पा गाडी घेऊन रानात निघाले, तर बांधावरच्या वाटेत बोराटीच्या काटेरी फांद्यांचे फास आडवे टाकलेले. आत वेचलेला कापूस खोपीत पडून होता. आभाळ भरून येत होतं.

धोंडप्पांनी निरोप पाठवला. व्यंकटराव आला, पण ओसरीवर बसला नाही, अंगणातच उभा राहिला.

"तुमच्या गल्लीतनं फुटलीत मतं," तो म्हणाला.

"आमची पाची तुमालाच हायत. शपत घेतली व्हती."

"शपत तुमी घेतली. आत जाऊन शिक्का ज्येनं त्येनं मारला. तुमची सून त्या कुसुमच्या संगं रानात बसून काय बोलायली व्हती, ते बी आलंय माझ्या कानावर."

धोंडप्पांचा चेहरा पडला. त्यांनी दाराकडं पाहिलं, मग अंगणात. "गिरजे," त्यांनी हाक मारली. "इकडं ये, बाई. मी पुन्यांदा..."

गिरजा उठली. आजोबांनी बोलावलं की जायचं, एवढंच तिला माहीत. ती दोन पावलं गेली असेल नसेल, महानंदा दारातून बाहेर आली. इतक्या वर्षांत सासऱ्यापुढं, परक्या पुरुषापुढं, ती अशी कधी आली नव्हती. पदर सावरत तिनं पोरीला उचललं आणि कडेवर घेतलं.

"हिच्या डोक्यावर न्हाई, आप्पा."

"सूनबाई, आत जा."

"जाते." तिनं मोकळा हात गळ्याशी नेला. तिथं, मंगळसूत्राच्या जरा खाली, लग्नात जंगमानं बांधलेलं तिचं स्वतःचं लिंग होतं. तिनं ते मुठीत धरलं. "ह्येच्यावर हात ठिवून सांगते. मी गाडीलाच शिक्का मारलाय. दुसऱ्या कुनालाच न्हाई."

आवाज थरथरत नव्हता. देवळापुढं जो घशात अडकला होता, तो आज कसा सरळ बाहेर आला, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. खरं बोलत होती ती. आयुष्यात इतकं लाजिरवाणं खरं ती कधी बोलली नव्हती.

व्यंकटरावानं तिच्याकडं नीट पाहिलं. माणसं ओळखण्यात तो हुशार होता. खरं काय ते त्याला लगेच कळायचं, त्याच्यावरच तर त्याचं सगळं चालायचं. "बरं," तो म्हणाला. "काढतो बोराट्या."

दुपारी वाट मोकळी झाली. पावसाचे चार थेंब पडायच्या आत कापूस घरी आला. संध्याकाळी धोंडप्पा पारावर सांगत होते, "सून आसावी तर अशी. गळ्यातल्या देवावर हात ठिवून बोलली. आमच्या घराचं इमान तिनं राखलं." दोन दिवसांत ते साऱ्या गावात झालं. पाण्याला गेली की बायका वाट द्यायच्या. मास्तरसुद्धा एकदा समोरून येताना थांबले आणि म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून गाव आहे, बाई." घरी येऊन महानंदानं गिरजेच्या कपाळाला हात लावून बघितला. गार होतं. शपथ पाळली होती, पोरीला काही होणार नव्हतं, तरी रोज संध्याकाळी तिचा हात कपाळावर जायचाच.

शेवटची वेचणी लागली. झाडांवर आता थोडाच कापूस उरला होता, कवड्या पडलेला, काडीकचऱ्याचा. पुन्हा पाच जणी पाच पातींना लागल्या. सरजाबाईचं तोंड सुरू झालं.

"इलेक्शनात समदे खोटे ठरले बगा. व्यंकटराव खोटा, ते तर ठावंच व्हतं. सिताराम बी कबूलच झाला. कुसुमबाई, राग मानू नगस. पन साऱ्या वार्डात इमानी मानूस निघालं ते एकच. आमची महानंदा."

कुणी हसलं नाही. सरजाबाई मनापासून बोलत होती.

महानंदा खाली बसली. गिरजा पाय पुढं करून आली होती. "आई, काटा." तिनं तळपाय हातात घेतला. आज खरंच काटा होता, बोराटीचा, खोल गेलेला. पिनेनं तो काढताना तिला नीट दिसेना. किती वेळ गेला कुणास ठाऊक. बायका फार पुढं गेल्या असतील, आपली अख्खी पात राहिली असेल, असं वाटून तिनं मान वर केली.

तिच्या पातीतली समोरची झाडं वेचलेली होती. कुसुमबाई आपली पात सोडून, मागं येऊन, तिची पात वेचत होती. दोन्ही हातांनी, भराभर, तिच्याकडं न बघता.